नखाची बुरशी आणि औषधी लॅकर

पावसाळ्यात ओल्या बुटांत राहून पायाच्या नखाला बुरशी धरते. नख पिवळं, जाड होतं, कडेला भुसभुशीत लागतं. सोरायसिसमध्येही ते असंच दिसतं. म्हणून जवळपासच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून आधी तपासून घ्या. बुरशी थोडी असेल, तर त्यांच्या सल्ल्याने ५ टक्के अमोरोल्फिनचं लॅकर आठवड्यातून एक-दोनदा घरीच लावता येतं. आधी नख नेल फायलीने घासा, स्पिरिटने पुसा, मग पातळ थर देऊन वाळू द्या. ती फाईल निरोगी नखांना लावू नका. पायाचं नवं नख यायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर नेम मोडू नका. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र स्वतःहून उपचार न करता आधी डॉक्टर गाठावेत.