एका फाइलमध्ये दोष आढळला



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ज्यावर चढत नाही असा एखादा धडधाकट संगणक तुमच्या शाळेत, पतसंस्थेत किंवा घरी असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाका. लिनक्स म्हणजे दूर कुठलं परक्यांचं काम, असं मनात आणू नका. आपल्या सरकारच्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे, आणि त्या सी-डॅकचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

पण लिनक्स टाकायला बसलेली बरीच माणसं पहिल्याच पायरीवर अडतात. आज मी त्या एका पायरीबद्दलच बोलणार आहे.

लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, संगणक चालू केला. उबुंटू नावाच्या लिनक्समध्ये २०.०४ या आवृत्तीपासून सुरुवातीलाच एक तपासणी आपोआप चालते. काळ्या पडद्यावर फाइलींची नावं भराभर सरकतात, टक्के वाढत जातात. शेवटी इंग्रजीत एक ओळ येते: तपासणी संपली, एका फाइलमध्ये दोष आढळला, पुढे अडचणी येऊ शकतात. एवढं सांगून संगणक पुढे जातो, थांबत नाही. छान रंगीत पडदा येतो, माउस हलतो, आणि माणूस म्हणतो, चाललंय की सगळं. तो इन्स्टॉल करायला घेतो. जुन्या डिस्कवरची विंडोज पुसली जाते, अर्धंअधिक काम होतं आणि मग खटकन ‘एरर नंबर ५, इनपुट-आउटपुट एरर’. आता विंडोजही गेली आणि लिनक्सही आली नाही. सुरुवातीच्या त्या एका ओळीने हे आधीच सांगितलं होतं.

ही तपासणी करते काय? लिनक्सच्या प्रतीमध्ये एक छोटी यादी असते. तिच्यात प्रत्येक फाइलचं नाव आणि त्यापुढे तिची बत्तीस अक्षरांची खूण. ही खूण काढायची रीत, एमडी५, रॉन रिव्हेस्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. फाइल दोन जीबीची असो की दोन ओळींची, खूण बत्तीस अक्षरांचीच. आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सबंध खूण पालटते. संगणक पेन ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल वाचतो, तिची खूण नव्याने काढतो आणि यादीशी ताडून पाहतो. याच कुळातली एक साधी युक्ती तुमच्या खिशात आहे. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एक अंक चुकीचा सांगितला की क्रमांक अवैध ठरतो.

आपल्या अमरावती जिल्ह्याला तर नकलेत चूक शिरण्याचा हा प्रश्न तेराव्या शतकापासून ठाऊक आहे. म्हाइंभटांनी ऋद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे मूळ प्रत गेली, आठवणीतून आणि उरलेल्या पानांतून पोथ्या पुन्हा लिहिल्या गेल्या, आणि अभ्यासकांना आजही पाठभेद जुळवत बसावं लागतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तीही नकलांमध्ये शिरलेले अपपाठ काढण्यासाठीच. नक्कल झाली की चूक शिरते. लिनक्सची प्रतही मूळ सर्व्हरपासून तुमच्या डिस्कपर्यंत चार-पाच वेळा नकलली जाते, आणि दोष नेमका कुठल्या नकलेत शिरला हे शोधणं, एवढंच आपलं काम.

शोध उगमापासून घ्यायचा, म्हणजे डाउनलोडपासून. उबुंटूची आजची प्रत सहा जीबीच्या घरात जाते, लिनक्स मिंटची तीन जीबीच्या आसपास. २०१६ मध्ये आपलं मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, तरी घाटातल्या कित्येक वळणांवर मोबाइलची रेंज अजून येते-जाते. सहा जीबीच्या मध्ये रेंज तुटली की फाइल अपुरी राहते आणि ब्राउझर कधी कधी तीच पूर्ण म्हणून दाखवतो. म्हणून डाउनलोड झाल्यावर त्या एका मोठ्या फाइलची खूण काढा. इथे एसएचए-२५६ नावाची रीत वापरतात, तिची खूण चौसष्ट अक्षरांची. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा मुळातच आहे, लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’. आलेली खूण अधिकृत संकेतस्थळावरच्या खुणेशी अक्षरन् अक्षर जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार जुळली म्हणून पुरेसं समजू नका. जुळली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, फाइल पुन्हा उतरवा. नेट अशक्त असेल तर टोरेंटने उतरवा. टोरेंट हे नाव बदनाम झालं आहे, पण उबुंटू आणि डेबियन या दोन्ही लिनक्स अधिकृतपणे टोरेंट देतात. त्यात फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याची खूण तिथल्या तिथे तपासली जाते आणि खराब तुकडा तेवढाच पुन्हा मागवला जातो. आपल्या भागासाठी मला हीच रीत सर्वांत योग्य वाटते.

परतवाड्याहून किंवा अमरावतीहून पेन ड्राइव्हवर फाइल आणणार असाल तर आणखी एक गोष्ट. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. नुसती ने-आण करायची तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

मूळ फाइल शुद्ध निघाली, तर संशय लिहिण्यावर. डाउनलोड केलेली फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस, एचर असं साधन वापरून ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. एचर लिहून झाल्यावर प्रत स्वतः वाचून ताडून पाहतो, ती पायरी वगळू नका. पट्टी शंभर टक्के झाली तरी काही मजकूर अजून संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. ‘इजेक्ट’ करा, आता काढा असं संगणकाने सांगितल्यावरच हात लावा. घाईने उपटलेला पेन ड्राइव्ह हे या दोषाचं फार नेहमीचं कारण आहे.

पुन्हा लिहूनही दोष तसाच राहिला तर पेन ड्राइव्हकडे बघा. बाजारात असे खोटे ड्राइव्ह मिळतात की वर ६४ जीबी छापलेलं, आत चिप आठ जीबीची. संगणकालाही ते ६४ च सांगतात. आठच्या पुढचं लिहिलेलं हरवतं. लिनक्सवर ‘एफ३’ आणि विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ ही फुकट साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे काढून मगच ती चालवा.

आणि समजा तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर बिनतक्रार तपासणी पास होतो. मग दोष या संगणकात. पुढच्या बाजूचं सैल झालेलं यूएसबी पोर्ट सोडून मागचं वापरून बघा. तपासणी दोन-तीनदा करा. दर वेळी वेगळ्याच फाइलचं नाव येत असेल तर रॅमवर संशय घ्या. रॅमची पट्टी काढून, पुसून, पुन्हा नीट बसवा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट हे साधन रात्रभर चालू द्या. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये त्या एरर नंबर ५ खाली एक सल्ला यायचा, की संगणक थंड जागी हलवून पाहा. लोकांना तो विचित्र वाटायचा, पण तो खरा आहे. तापलेली रॅम आणि डिस्क चुका करतात. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसवर जातो. तिथे हे काम भर दुपारी करू नये, पहाटे करावं. इथे चिखलदऱ्यात त्या बाबतीत आपण सुखी आहोत.

आता एक अपवाद, कारण तो न सांगितल्यास तुम्ही विनाकारण घाबराल. काही साधनं पेन ड्राइव्ह लिहिताना सुरू होण्याच्या सूचनांची एखादी छोटी फाइल स्वतः बदलतात. यादीत तिची जुनी खूण राहिली तर तपासणी दोष दाखवते, पण ती फाइल बिघडलेली नसते. म्हणून किती फाइलींत दोष आहे यापेक्षा कुठल्या फाइलीत आहे हे बघा. लिनक्स इन्स्टॉल न करता नुसती चालवून बघा, टर्मिनल उघडा, ‘सीडीरॉम’ नावाच्या फोल्डरमध्ये जा (पेन ड्राइव्ह असला तरी नाव तेच आहे) आणि तिथली यादी एमडी५समने हाताने तपासा. नाव ग्रबच्या, म्हणजे सुरू होण्याच्या सूचनांच्या, फाइलचं असेल तर वेगळ्या साधनाने पुन्हा लिहून खात्री करता येते. नाव स्क्वॉशएफएसने संपत असेल, तर सबंध लिनक्स जिच्यात घट्ट बांधलेली असते तीच फाइल बिघडली आहे. तिथे एक पाऊलही पुढे टाकू नका.

शुद्ध प्रत आणि खरी प्रत यांतही फरक आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक चोरवाट ठेवलेल्या प्रतीकडे वळवली गेली. अशी प्रत पेन ड्राइव्हवरच्या तपासणीत बिनदोष ठरू शकते, कारण यादीही तिची स्वतःचीच असते. म्हणूनच चौसष्ट अक्षरांची खूण मूळ संकेतस्थळावरून घ्यायची, आणि जमेल त्यांनी त्या खुणांच्या फाइलवरची डिजिटल सहीही तपासायची. प्रत ज्याने दिली त्याच्याच कागदावरची खूण पुरावा होत नाही.

मेळघाटात लिनक्स हातोहात पसरणार आहे, एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे, एका गावातून शेजारच्या गावात. माझी विनंती एवढीच, की पेन ड्राइव्ह पुढे द्याल तेव्हा आवृत्तीचं पूर्ण नाव आणि अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, म्हणजे घेणारा स्वतः खूण काढून तिथल्या खुणेशी जुळवील. आणि काळ्या पडद्यावर ती तपासणी चालू असेल तेव्हा कंट्रोल-सी दाबून ती थांबवू नका.