हृदय कोणाचे मोजले?



कामगारसंघटनेच्या माणसाने हृदयाच्या पेशींवर व्याख्यान द्यावे, ह्याचे आपल्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून. पण महागाईभत्त्याच्या वाटाघाटी करता करता आम्हांला एक सवय जडली आहे. मालकपक्षाने आकडा पुढे टाकला की आम्ही विचारतो, हा कोणाच्या घरच्या बाजारहाटावरून काढला? तोच प्रश्न आज औषधांविषयी विचारावयाचा आहे. एखादे औषध हृदयाला सुरक्षित आहे असे ठरले, तर ते कोणाच्या हृदयावर ठरले?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. प्रत्येक ठोक्याला हृदयाची पेशी विजेने चेतते, आकुंचन पावते आणि पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा पूर्वस्थितीला येते. त्यासाठी पोटॅशियमचे कण पेशीबाहेर जावे लागतात. ते जाण्यासाठी पेशीच्या आवरणात बारीक दारे असतात. चेतण्यापासून पूर्वस्थितीपर्यंतचा हा काळ ई.सी.जी.च्या कागदावर 'क्यू-टी' अंतर म्हणून मोजतात. १९२० साली बॅझेट नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने ह्या अंतराचे सूत्र मांडले, तेव्हा त्याने पुरुषांसाठी ०.३७ आणि स्त्रियांसाठी ०.४० असे दोन निरनिराळे गुणक दिले होते. म्हणजे स्त्रीच्या हृदयाला पूर्वस्थितीला यायला किंचित अधिक वेळ लागतो, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापले गेले आहे. ह्यात दुबळेपणा काही नाही. परंतु काही औषधे नेमकी तीच पोटॅशियमची दारे अडवितात. मग तो काळ लांबत जातो, आणि फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडून माणूस दगावूही शकतो. औषधाने लय अशी बिघडलेले रुग्ण मोजले, तर त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आढळतात.

ही औषधे काही दुर्मिळ रोगांवरची नव्हती. टर्फेनाडीन शिंका आणि वाहत्या नाकावर दिले जाई. अमेरिकेत ते १९८५ मध्ये आले आणि १९९८ मध्ये काढून घ्यावे लागले. सिसाप्राइड छातीतल्या जळजळीवर दिले जाई. अमेरिकेच्या बाजारातून ते २००० साली गेले, आपल्या देशात त्यावर बंदी आली २०११ साली! अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २००१ मध्ये अहवाल दिला की, १९९७ पासून मागे घेतलेल्या दहा औषधांपैकी आठांचा धोका स्त्रियांना अधिक होता. त्यांतली काही औषधे स्त्रियांनाच अधिक दिली जात होती, हेही त्याच अहवालात आहे, आणि ते सांगितले पाहिजे.

मग हे आधी का कळले नाही? १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषधखात्याने सांगितले होते की, ज्यांना मूल होऊ शकते अशा स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. हे बंधन १९९३ मध्ये उठले. आम्हां कामगारांना ही रीत ओळखीची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाची मनाई केली, तीही संरक्षणासाठीच. तिथे बाईची पाळी गेली. इथे तिची नोंद गेली. औषध मात्र तिच्या हाती पडावयाचे ते पडलेच.

आता नव्या शास्त्राकडे येऊ. १९९८ साली अमेरिकेत जेम्स टॉमसन ह्यांनी मानवी गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतून मूलपेशी वेगळ्या केल्या. मूलपेशी म्हणजे जिच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते ती. पुढे जपानमध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका ह्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या कातडीच्या पेशीत चार जनुके घालून तिला मूलपेशी बनविले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मूलपेशींना ठराविक रसायने ठराविक क्रमाने दिली की आठदहा दिवसांत त्यांच्यापासून हृदयपेशी होतात आणि काचेच्या बशीत आपोआप धडधडू लागतात. मग त्यांच्यावर औषध घालून पाहता येते. कोणाचा जीव धोक्यात घालावा लागत नाही.

ह्या बशीने एक मोठी गोष्ट दाखविली. वयात आल्यावर पुरुषाचे क्यू-टी अंतर आखूड होते ते बव्हंशी त्याच्या हार्मोनमुळे. बशीत हार्मोन नसतात. आपण घातले तरच. तरीही काही प्रयोगांत असे दिसले की, तेच औषध तेवढेच दिले असता स्त्रियांपासून केलेल्या पेशींचा विद्युत्काळ अधिक लांबतो. म्हणजे फरकाचा काही भाग खुद्द पेशीतच मुरलेला आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांतले एक मुके होते, हे मेरी लायन ह्या विदुषीने १९६१ मध्ये मांडले. पण मुक्या गुणसूत्रावरची काही जनुके तरीही बोलतच राहतात.

येथे सावधगिरीही हवी. ह्या पेशी कोवळ्या असतात; प्रौढ हृदयापेक्षा गर्भातल्या हृदयाशी त्यांचे साम्य अधिक. दीर्घकाळ वाढविल्यास ते मुके एक्स काही अंशी जागेही होते, आणि मग ती पेशी मूळ स्त्रीसारखी उरत नाही. शिवाय एक पुरुष आणि एक स्त्री घेऊन तुलना केली, तर दिसलेला फरक स्त्री-पुरुषांचा की त्या दोन माणसांचा, हे कसे ठरावे? एका कामगाराची पगारचिठ्ठी दाखवून साऱ्या गिरणीचे वेतन ठरत नाही. पुष्कळ स्त्रिया आणि पुष्कळ पुरुष घेतले पाहिजेत.

हा प्रश्न आजच निकडीचा का? डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये आपल्या सरकारनेही नियम दुरुस्त करून पेशींवरच्या चाचण्यांना वाट दिली. म्हणजे उद्याच्या गोळीची परीक्षा ह्या बशीत होणार. बशीत एकाच माणसाच्या पेशी असल्या, तर जुनी चूक नव्या भांड्यात गेली एवढेच होईल. आणि आता सबब तरी कोणती? पेशीला गर्भ राहत नाही, तिला रजा लागत नाही, घरच्यांची परवानगी लागत नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन. पेशी स्त्रीच्या की पुरुषाच्या, हे प्रत्येक चाचणीत लिहावे. दोहोंच्या पेशी पुरेशा संख्येने घ्याव्यात. निकाल निरनिराळे छापावेत.

एक इशाराही देतो. ह्या ज्ञानाचा आधार घेऊन उद्या कोणी म्हणेल, बाईचे हृदय नाजूक, तिला कामावरून काढा. त्याला सांगा की, फरक औषधाच्या मात्रेपुरता आहे. हक्काची मात्रा दोघांना सारखीच. आणि भगिनींनो, हे ऐकून घरची गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, आपली इतर औषधे त्यांना सांगा, आणि चक्कर वा धडधड झाली असेल तर तीही सांगा. तुमचे सांगणे हीसुद्धा एक नोंदच आहे.