घरचे मैदान



व्याख्यानाला फुटबॉलच्या मैदानाचा विषय आम्ही घेतला, याचे काहींना नवल वाटले. युनियनच्या माणसाने मजुरी आणि महागाई यांवर बोलावे, अशी रीत आहे. परंतु रविवारची सुट्टीही कामगाराला फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईचे गिरणी कामगार संघटित केले, अर्ज झाले, सभा झाल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, आणि पुढे अशा मोकळ्या दुपारीच तेथे फुटबॉलचे सामने भरू लागले. वुलविचच्या शस्त्रागारातील कामगारांनी १८८६ साली काढलेला संघ आज आर्सेनल या नावाने जगाला ठाऊक आहे. सुट्टी मिळाली, पण ती घालवायची कोठे? आमचा प्रश्न एवढाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तेथल्या पेठांतील तालमी मुळात कुस्तीच्या. त्यांनीच फुटबॉल उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे आखाड्याची, पण पोरे चेंडूमागे धावतात. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी लोटते. गंमत अशी, की हे मैदान कोणा एका संघाचे नव्हे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे कारभार आहे, आणि एकमेकांचे हाडवैरी त्याच एका हिरवळीला आपले घर मानतात. राजघराण्याचा आश्रय होता हे खरे. पण आश्रयाने गॅलऱ्या भरत नाहीत, त्या पेठांनी भरल्या. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

आता आपल्या वऱ्हाडात या. येथे राजाही नाही आणि स्टेडियमही नको. फुटबॉलला १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद जागा लागते. म्हणजे पावणेदोन एकर, सुमारे सत्तर गुंठे. आपली काळी माती पावसाळ्यात पाय धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून थोडी उंच, मुरमाड जागा पाहावी. खेळाडूंची अडचण नाही. चेंडू वर्गणीतून येतो. अडचण आहे ती कागदाची. पोरे वर्षानुवर्षे जेथे खेळतात, त्या जागेच्या सातबाऱ्यावर खेळाचा शब्द नसतो. एके दिवशी तेथे गोदामाचा पाया खणला जातो, आणि तक्रार करायला हाती काही नसते. आम्ही शाळा थोडीच शिकलो. सातबारा वाचायला चळवळीने शिकवले.

जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात. मात्र गायरानावर डोळा ठेवू नये. ज्याच्या चार शेळ्या तेथे चरतात, तोही कामकरीच आहे. त्याला हुसकावून मिळालेले मैदान आम्हांला नको. गावसामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात सांगितले आहे. तेव्हा आधी अतिक्रमणे मोजा, मग जागा मागा. आणि मागताना मुलींच्या खेळाची वेळही ठरावात लिहा, नाहीतर ती कधीच येत नाही.

आसेगावच्या पुढील ग्रामसभेत हा ठराव यावा. मसुदा आम्ही लिहून देऊ. गट नंबर तेवढा तुम्ही शोधून ठेवा.