रिकाम्या खुर्चीला जाब कोण विचारणार?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बैठकांमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आपण बसतो आणि तासाभरात बोलणे दवाखान्यावर येते. अमळनेरला बसा, पारोळ्याला बसा, नाहीतर शिंदखेड्याला बसा, हेच होते. यात नवल काही नाही. शेतीच्या उत्पादन खर्चात बियाणे धरतात, खत धरतात, फवारणी धरतात, घरच्यांची मजुरीसुद्धा धरतात. पण फवारणी करून आजारी पडलेल्या माणसाच्या सलाइनचा खर्च कोणत्याही रकान्यात धरत नाहीत. तो रकाना सावकाराच्या वहीत असतो.

हिशेब साधा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. तो पूर्ण मिळाला असे धरून चालू. खाजगी दवाखान्याचे बिल एक लाख रुपये झाले, तर ते फेडायला सव्वाबारा क्विंटलहून जास्त कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर तीन एकरांचे सगळे पीक दवाखान्यात गेले. बियाण्याचे आणि वेचणीचे पैसे वेगळेच. संकरित ज्वारीने फेडायचे म्हटले, तर ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने सत्तावीस क्विंटल ज्वारी लागते. म्हणून आज दवाखान्याबद्दल बोलायचे. प्रत्येक बैठकीत तेच पाच-सहा प्रश्न येतात, त्यांची उत्तरे एकदा ओळीने देतो.

पहिला प्रश्न : सरकारी डॉक्टरला एवढा पगार मिळतो, मग तो जागेवर का नसतो?

पगाराचा आकडा आधी नीट पाहू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता मिळतो. खाजगी धंदा करू नये म्हणून व्यवसायरोध भत्ता मिळतो. आपल्या मानाने ही रक्कम मोठी आहे. हा भत्ता घेऊनही कोणी गावात खाजगी दवाखाना थाटत असेल, तर लेखी तक्रार केलीच पाहिजे. त्यात भिडेचे कारण नाही.

पण सगळेच गैरहजर कामचुकार नसतात. 'डॉक्टर नाही' या एका वाक्याचे तीन अर्थ होतात. एक, डॉक्टर नेमलेला आहे पण आला नाही. दोन, डॉक्टर आहे पण शवविच्छेदनाला, शिबिराला किंवा जिल्ह्याच्या बैठकीला गेला आहे. तीन, ती जागाच भरलेली नाही, किंवा वर्षभराच्या बंधपत्रावर आलेला डॉक्टर मुदत संपवून गेला आणि दुसरा आलाच नाही. पहिल्याला जाब डॉक्टरला विचारायचा, दुसऱ्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, तिसऱ्याला थेट सरकारला. आपण तिन्ही वेळा ओरडतो ते मात्र केसपेपर काढणाऱ्या पोरावर.

दुसरा प्रश्न : सिस्टर लोक तुसडेपणाने का बोलतात?

गोड बोलणे हा रुग्णाचा हक्क आहे, ते कोणी उपकार म्हणून करत नाही. पण वॉर्डात गेलात की एक मोजणी करा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्री दहा वाजता खाटा किती आणि सिस्टर किती, ते बोटांवर मोजा. चाळीस माणसांचे सलाइन एकटीने बदलणारी बाई कोणाशी गोड बोलेल? आपली चाळीस एकरांची वेचणी एका बाईवर टाकली तर ती काय बोलेल?

त्यांच्याखाली आणखी एक थर आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कितीतरी कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे काम करत आले. झाडलोट करणारे आणि स्ट्रेचर ढकलणारे ठेकेदाराकडून येतात. आणि आपल्या गावातली आशाताई तर सरकारच्या लेखी कर्मचारीच नाही, ती 'स्वयंसेविका'. बाळंतपणाला रात्री सोबत जाणारी, कोरोनात दारोदार फिरलेली हीच बाई. जून २०२१ मध्ये आशाताईंना संप करावा लागला, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा करावा लागला. तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने महिन्याला पाच हजारांची वाढ दिली, नोव्हेंबर २०२३ पासून. आपल्याला जसा भाव भांडून घ्यावा लागतो, तसाच तिला मोबदला भांडून घ्यावा लागला. ती आपल्याच घरची लेक-सून आहे, हे विसरू नका.

तिसरा प्रश्न : रुग्ण डोळ्यांदेखत जातो, कोणी बघत नाही. मग हात उठणार नाही तर काय होईल?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो धुळ्याचाच आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आणला गेला. मेंदूचा शल्यचिकित्सक तिथे नव्हता. रात्रीच्या कामावरच्या तरुण डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितले. नातेवाइकांच्या जमावाने त्याला एवढे मारले, की त्याच्या डोळ्याला जबर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे हजारो निवासी डॉक्टर काम सोडून बसले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या दिवसांत शस्त्रक्रिया रखडल्या त्या कोणाच्या? मुंबई-पुण्याच्या बंगलेवाल्यांच्या नव्हे. सरकारी दवाखान्याशिवाय ज्यांना दार नाही त्यांच्या, म्हणजे आपल्याच.

त्या मारहाणीतून दवाखान्याला काय मिळाले, तेही बघा. सरकारने सुरक्षारक्षक द्यायचे कबूल केले. त्या रात्री गरज होती मेंदूच्या डॉक्टरची आणि पदरात पडले दंडुकेवाले. जो डॉक्टर हजर होता त्याने मार खाल्ला. ज्याची नेमणूकच नव्हती त्याच्या रिकाम्या खुर्चीला कोणी बोटसुद्धा लावले नाही, आणि ती खुर्ची रिकामी ठेवणारा तर गावातही नव्हता. शिवाय २०१० च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे दवाखान्यातील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि केलेल्या नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. घरात एक माणूस गेला आणि दुसरा तुरुंगात गेला, तर शेत कोण करणार?

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. जून २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जळगावच्या सिव्हिलमधून ८२ वर्षांच्या एक आजी बेपत्ता झाल्या. आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. रोजच्या तीन पाळ्या धरल्या, तर चोवीस वेळा वॉर्ड एकाने दुसऱ्याच्या हवाली केला. चोवीस वेळा कोणाला एक रुग्ण कमी भरल्याचा माग काढता आला नाही. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ते व्हायलाच हवे होते. पण निलंबनाने शिक्षा होते, व्यवस्था होत नाही. पाळी बदलताना रुग्ण मोजून घेतले जातात का, शौचालय दिवसातून किती वेळा धुतले जाते, सफाईला माणसे किती, हे दुसऱ्या दिवशीही कोणीतरी विचारत राहावे लागते. ते काम आपले.

चौथा प्रश्न : फुकट काय आणि पैसे कशाचे?

लक्षात ठेवा आणि गावात सांगा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये यांत उपचार मोफत केलेले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र दुसऱ्या खात्याकडे आहेत. जळगावचे सिव्हिल २०१८ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले, धुळ्याचे महाविद्यालय त्याहून जुने. तिथे काही पैसे मागितले, तर सरकारी दर विचारा आणि पावती घ्या. पावती नसेल तर तो दर सरकारी नव्हे.

दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली. आता रेशन कार्डाचा रंग कोणताही असो, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत ठरलेल्या यादीतील उपचार होतात. त्यात तपासण्या, औषधे आणि जेवण धरलेले असते. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्राचे टेबल असते. दाखल होण्याआधी तिथे जा, बिल झाल्यावर नव्हे. योजनेतील उपचारासाठी अनामत मागितली, तर १५५३८८ वर फोन करा.

तिसरे, धर्मादाय दवाखाने. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर मोफत, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा.

पाचवा प्रश्न : बिल भरले नाही म्हणून माणूस अडवून ठेवला तर?

थकलेले बिल हे देणे आहे. ते कायद्याने वसूल करण्याचा दवाखान्याला हक्क आहे. पण त्यासाठी रुग्णाला कोंडून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली हे बेकायदा असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत मृतदेहही अडवू नये असे आहे. खाजगी दवाखान्यांसाठी राज्याचे नियम १४ जानेवारी २०२१ रोजी दुरुस्त झाले. त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावावे लागते. दाखल होतानाच दरपत्रक मागा. कापूस विकताना भाव आधी विचारतो, मग इथे का लाजायचे?

शेवटचा प्रश्न : आम्ही चार माणसे काय करणार?

याचे उत्तर खानदेशातच आहे. राज्यात २००७ साली आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवण्याचे काम पाच जिल्ह्यांत सुरू झाले. पूर्वी धुळ्याचाच भाग असलेला नंदुरबार त्यांत होता. या कामात गावाचे लोक दवाखान्याची नोंद ठेवत, बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या जपत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडत. सातपुड्यातल्या आदिवासी बंधू-भगिनींना जे जमले, ते आपल्याला न जमायला कारण नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, रिकामी किती आणि किती महिन्यांपासून. सर्पदंशाची लस शिल्लक किती आणि फवारणीच्या विषबाधेवरचे अॅट्रोपिन शिल्लक किती. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामुळे हा साठा आपल्यासाठी बियाण्याइतकाच महत्त्वाचा. माहिती तोंडी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. रुग्ण कल्याण समितीत आपल्या गावचे कोण आहे, ते शोधा आणि त्यालाच हा कागद वाचायला लावा.

सगळ्या गावांचे कागद एकत्र झाले, की रिकाम्या खुर्च्यांची यादी घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ, पालकमंत्र्यांकडे जाऊ. बरोबर डॉक्टर, सिस्टर आणि आशाताईंनाही बोलावू, कारण त्या खुर्च्या भरल्या तर त्यांचेही ओझे उतरते.

कागदावर दोन सह्या हव्यात, एक गड्याची आणि एक बाईची. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी रात्र काढते ती बाईच, आणि तिथे काय नाही ते तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.