नाव कुणाचे, पदवी कुणाची?

(सुर्ला येथील गणेशोत्सवात पालक-शिक्षक गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



चवथीला आपले घर भरते. पणजी-वास्कोला नोकरी करणारी मुले येतात, पुण्या-मुंबईची येतात, आखातातल्यांचे फोन येतात. माटोळीखाली गप्पा रंगल्या की यंदा एक विषय हमखास निघतो. परदेशी विद्यापीठाशी करार असलेले महाविद्यालय, आणि त्या महाविद्यालयाशी करार असलेली कंपनी. तीन वर्षे शिका, थेट नोकरीला लागा! अशी माहितीपत्रके घेऊन काही पालक आमच्याकडे आले, म्हणून मंडळाने या विषयावर बोलण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली. त्याबद्दल मंडळाचे आभार.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. सुर्ल्यात खाणी जोरात होत्या तेव्हा बारावी नापास मुलगा टिपरवर बसला तरी शिक्षकापेक्षा जास्त कमवायचा. "पुढे शिकून काय करणार? ट्रक घे," असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. पालक म्हणून होतो आणि, सांगायला लाज वाटते, शिक्षक म्हणूनही होतो. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर त्याच मार्चमध्ये परत बंद पडल्या. दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या घरी पाहिले आहे.

त्या मुलांना काम येत नव्हते का? उत्तम येत होते. पण काम येते असे सांगणारा, दुसऱ्या गावात चालणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. दहा वर्षे यंत्र चालवलेला माणूस वेर्ण्याच्या कारखान्यात नवशिका म्हणून रांगेत उभा राहिला. शिक्षण आणि नोकरी यांची गाठ बांधायची तर ती कशी बांधावी, हा प्रश्न आम्हाला तिथून पडला.

चांगली गाठ कशी असते, याचे एक उदाहरण गोव्यातच आहे. ज्या मुरगाव बंदराकडे आपला खनिज माल बार्जमधून जायचा, त्याच तालुक्यात झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर 2004 पासून उभा आहे. पिलानीची ही संस्था 1964 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, तेव्हा फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिने अमेरिकेतल्या एमआयटीशी सहकार्य केले. पुण्याची एमआयटी नव्हे, बोस्टनजवळची. त्या एमआयटीने 1916 मध्ये रसायन अभियांत्रिकीसाठी एक प्रथा सुरू केली होती. विद्यार्थी काही महिने कारखान्यात जाऊन तिथल्या खऱ्या अडचणींवर काम करीत, आणि विद्यापीठाचा प्राध्यापकही त्यांच्याबरोबर तिथेच मुक्काम करी. पिलानीने 1973 मध्ये हीच कल्पना 'प्रॅक्टिस स्कूल' या नावाने आपल्याकडे आणली. आज तिथला विद्यार्थी दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने, आणि शेवटच्या वर्षात सुमारे साडेपाच महिने उद्योगात काढू शकतो.

यातली कळीची गोष्ट म्हणजे कारखान्यातले ते दिवस अभ्यासक्रमात मोजले जातात. त्यांचे गुण मिळतात, विद्यापीठ त्यांची जबाबदारी घेते आणि पदवी विद्यापीठाची असते. कंपनीने पुढे नोकरी दिली नाही तरी मुलाच्या हातचे काही जात नाही. बिट्सची फी आपल्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यातली नाही आणि प्रवेश परीक्षाही अवघड, हे आम्ही जाणतो. सर्वांनी तिथेच जावे असे आम्ही सांगत नाही. पण अस्सल नाणे हातात घेऊन पाहिले की खोटे ओळखता येते.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. स्टुटगार्टच्या परिसरात 1972 च्या सुमारास डाइम्लर-बेंझ, बॉश यांसारख्या कंपन्यांनी पुढाकार घेतला आणि अर्धे शिक्षण वर्गात, अर्धे कारखान्यात अशी पद्धत घातली. 1974 मध्ये तिला सरकारी संस्थेचे रूप आले आणि 2009 मध्ये त्या संस्थेचे विद्यापीठ झाले. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचे हे दुहेरी विद्यापीठ. तिथे विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो, मगच त्याला प्रवेश मिळतो. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने काम, असे तीन वर्षे चालते आणि कंपनी वर्गातल्या महिन्यांचाही पगार देते. म्हणजे मुलाला घडवण्यात कंपनीचा स्वतःचा पैसा गुंतलेला असतो. पैसा फक्त बापाचा गुंतला असेल, तर कंपनीला त्या मुलाची काळजी का वाटावी?

याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये करार केला. पलीकडच्या सावंतवाडीचे दीपक केसरकर तेव्हा महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री होते, त्यामुळे बांदा-सावंतवाडीच्या पाहुण्यांकडून ही बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचली. पण नीट समजून घ्या. तो करार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा आहे, विद्यापीठाच्या पदवीचा नाही, आणि तो महाराष्ट्राचा आहे. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशांसाठी तो आहे आणि जर्मन भाषा शिकल्याशिवाय त्यात पाऊल टाकता येत नाही. त्याचे नाव सांगून कुणी गोव्यातल्या मुलाला 'जर्मन डिग्री' विकू लागला, तर आधी कागद मागा.

आता नियमांविषयी थोडेसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या अभ्यासक्रमांसाठी नियम केले. त्यात तीन प्रकार आहेत. पहिल्यात मुलगा थोडा भाग परदेशी संस्थेत शिकतो, पण पदवी भारतीय संस्थेची मिळते. दुसऱ्यात दोन्ही संस्था मिळून एक पदवी देतात. तिसऱ्यात दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम या नियमांत बसत नाहीत. परदेशी संस्थेने इथे नुसती फ्रँचायझी द्यायची, यालाही परवानगी नाही. काही कंपन्या आणि महाविद्यालये मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांच्या पदव्या देत असल्याचे दिसल्यावर, डिसेंबर 2023 मध्ये आयोगाने त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

हे आम्ही एवढ्या पोटतिडकीने का सांगतो? आमच्या ओळखीच्या एका घरात हे घडले आहे. खाणीवरची नोकरी गेलेल्या बापाने सोने गहाण ठेवून मुलीची पहिल्या वर्षाची फी भरली. माहितीपत्रकावर परदेशी विद्यापीठाचे नाव होते आणि एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह. आम्ही दोघे-तिघे त्या कंपनीत चौकशीला गेलो. कळले एवढेच, की त्या संस्थेची मुले वर्षातून एकदा कारखाना पाहायला येतात. करार काय तो तेवढाच! परदेशी पदवीही ऑनलाइन निघाली. मुलीने वर्ष सोडले आणि जवळच्या महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातले. ती हुशार आहे, सावरेल. सोने मात्र अजून सुटलेले नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. पदवी नेमकी कोण देणार, आणि तिला भारतात मान्यता आहे का? कंपनीत किती महिने जायचे, त्याचे गुण पदवीत धरले जातात का? त्या महिन्यांत कंपनी मुलाला काय देते, आणि तिथे त्याच्यावर लक्ष कोण ठेवते? चौथा प्रश्न सर्वांत मोठा. ती कंपनी उद्या बंद पडली, तर हा कागद दुसरीकडे चालेल का? खाणीच्या काळात हा चौथा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

परदेशी नावावाचूनही वाट आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात 1961 पासून आहे. त्यातला उमेदवार कारखान्यात शिकताना विद्यावेतन घेतो आणि त्याच्या हाती देशभर चालणारे प्रमाणपत्र येते. डिचोलीच्या आयटीआयमधला मुलगाही त्या वाटेने जाऊ शकतो. पदवीच्या मुलांसाठीही आता शिकाऊ उमेदवारी धरलेले अभ्यासक्रम निघू लागले आहेत. आपल्या साखळी-डिचोलीच्या महाविद्यालयांकडे पालकांनीच याची चौकशी केली पाहिजे. मागणी दिसली तर महाविद्यालये हलतील.

शेवटी आमच्याकडून एक छोटी गोष्ट. चवथ झाल्यावर दर रविवारी सकाळी आमच्या गटातले कुणी ना कुणी शाळेच्या व्हरांड्यात बसेल. फी भरण्याआधी, सोने बँकेत नेण्याआधी, तो कागद घेऊन या. बरोबर बसून वाचू. समजले नाही तर जिथे विचारायचे तिथे विचारू, पत्र लिहायचे असेल तर लिहून देऊ. पैसे लागणार नाहीत. ट्रक घ्या म्हणून सांगताना आम्ही कागद पाहिला नव्हता. यापुढे पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

विद्येची देवता समोर बसली आहे. तिच्या साक्षीने एवढेच. आता आरतीची वेळ झाली, घुमटवाले ताटकळले आहेत.

गणपती बाप्पा मोरया!