बोली कुणाची, टाळ्या कुणाला?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित रूप)



आजचा विषय अमेरिकेतला आहे आणि बराच वेळ मी तिथेच थांबणार आहे. शेवटी थोडं आपल्या घरात डोकावू.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑक्वाफिना या अभिनेत्रीने ट्विटरवर एक निवेदन टाकलं आणि पाठोपाठ ट्विटरलाच रामराम ठोकला. तिचं मूळ नाव नोरा लम. वडील चिनी वंशाचे, आई कोरियातून आलेली, वाढली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. २०१२ साली तिचं एक रॅप गाणं इंटरनेटवर गाजलं. २०१८ च्या 'क्रेझी रिच एशियन्स'मध्ये नायिकेची फटकळ मैत्रीण तिने अशी रंगवली की लोक तिच्यासाठी सिनेमा पुन्हा बघू लागले. जानेवारी २०२० मध्ये 'द फेअरवेल'साठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला.

आक्षेप होता तिच्या बोलण्यावर. रॅप करताना आणि विनोदी भूमिकांमध्ये तिच्या तोंडी जी ठेवण येते, ती कृष्णवर्णीय अमेरिकनांची. या उसन्या ढंगाला तिकडे 'ब्लॅकसेंट' म्हणतात, आणि तो शब्द कौतुकाने वापरला जात नाही. टीकाकारांचं म्हणणं असं, की गंभीर भूमिका आणि मोठे पुरस्कार येऊ लागले तशी ही बोली तिच्या तोंडून नाहीशी झाली. प्रयोग संपल्यावर नटाने मिशी उतरवून ठेवावी, तशी. त्यात भर म्हणजे, आशियाई माणसाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर हशा मिळवणाऱ्या भूमिका मी घेत नाही, असं तिनेच एका मुलाखतीत सांगितलं होतं. आपल्या लोकांच्या उच्चारांची थट्टा तिला बोचत होती. मग दुसऱ्यांच्या बोलीचं काय, असा सवाल विचारला गेला.

निवेदनात तिने म्हटलं, की कृष्णवर्णीयांची संस्कृती वारंवार लुटली गेली हे खरं आहे. पण आपण स्थलांतरितांच्या घरात वाढलो, सरकारी शाळेत शिकलो, हिप-हॉप ऐकत मोठे झालो, त्यातून हे बोलणं आलं, कुणाची टर उडवणं हा आपला स्वभाव नाही. मग दोन तट पडले. एक म्हणे, हा सरळसरळ डल्ला आहे. दुसरा म्हणे, भाषा काय कुणाच्या सातबाऱ्यावर असते?

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दोघांचंही लक्ष नटीकडे आहे. ज्यांची ती बोली, त्यांचं पुढे काय होतं, हे बघायला फारसं कुणी थांबत नाही. आपण थांबू या.

आधी बोलीकडे बघू. कृष्णवर्णीयांची इंग्रजी म्हणजे बिघडलेली, आळशी इंग्रजी, असा समज अमेरिकेतही आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबॉव्ह यांनी १९६९ मध्येच तो खोडून काढला. प्रमाण इंग्रजीत जिथे 'इज'चा संकोच करता येतो, म्हणजे तो आखडून आधीच्या शब्दाला जोडता येतो, तिथेच या बोलीत तो गाळता येतो. जिथे संकोच चालत नाही तिथे गाळणंही चालत नाही. नियम आहे, आणि तो काटेकोर आहे.

याहून मजेशीर प्रयोग जॅनिस जॅक्सन या संशोधिकेने लहान मुलांवर केला. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या मालिकेतलं चित्र त्यांना दाखवलं. बिस्किटांवर तुटून पडणारा म्हणून प्रसिद्ध असलेला कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे आणि शेजारी एल्मो बिस्किटं खातोय. 'हू इज ईटिंग कुकीज?' असं विचारलं की सगळी मुलं एल्मोकडे बोट दाखवत. 'हू बी ईटिंग कुकीज?' असं विचारलं की गोरी मुलं पुन्हा एल्मोच म्हणत. कृष्णवर्णीय मुलं मात्र अंथरुणातल्या कुकी मॉन्स्टरकडे बोट दाखवत. कारण त्यांच्या बोलीत हा 'बी' सवय दाखवतो. आपल्याला हे चटकन कळतं. 'खातोय' कोण, तर एल्मो. 'खात असतो' कोण, तर कुकी मॉन्स्टर. प्रमाण इंग्रजीच्या क्रियापदात हा भेद इतक्या सुटसुटीतपणे येत नाही. चारपाच वर्षांच्या पोरांना तो अवगत आहे, आणि शाळेत गेल्यावर त्याच वाक्याखाली लाल रेघ पडते.

डिसेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने ठराव केला, की मुलांची ही घरची बोली ओळखून, तिच्या आधाराने त्यांना प्रमाण इंग्रजी शिकवावी. देशभर त्यांची रेवडी उडाली. व्यंगचित्रं निघाली, दूरचित्रवाणीवर विनोद झाले. भाषाशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने जानेवारी १९९७ मध्ये ठराव करून या बोलीला नियम आहेत आणि शिकवण्याचा हा मार्ग शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे, असं सांगितलं. ते कुणाच्या कानावर गेलं नाही. लक्षात घ्या, हाच तो काळ, जेव्हा गोऱ्या वस्त्यांमधली पोरं रॅपच्या सीडी खरेदी करत होती आणि त्या बोलीत एकमेकांना हाका मारत होती. वर्गात जी बोली हास्यास्पद, तीच दुकानात खपाऊ.

आता या बोलीची किंमत काय मोजावी लागते ते बघा. भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ स्वतः कृष्णवर्णीय. भाड्याच्या घरासाठी फोन केला की समोरचा म्हणे, या, जागा आहे. प्रत्यक्ष गेलं की जागा गेलेली असे. फोनवर ते प्रमाण इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे घरमालकाला रंग कळला नव्हता. मग त्यांनी यावरच संशोधन केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकाच घरमालकाला वेगवेगळ्या वेळी तीन ढंगांत फोन केले: कृष्णवर्णीयांच्या, मेक्सिकन वंशाच्या आणि प्रमाण इंग्रजीत. आवाज तोच, माणूस तोच. गोऱ्या वस्त्यांमध्ये घर दाखवायला होकार सर्वाधिक मिळाला तो प्रमाण इंग्रजीला. माणूस कुठला, हे ओळखायला श्रोत्यांना 'हॅलो' एवढा एक शब्दही पुरतो, हेही त्यांच्या गटाने दाखवलं.

दुसरा प्रसंग न्यायालयातला. २६ फेब्रुवारी २०१२ ला फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला जॉर्ज झिमरमन याने गोळी घातली. शेवटच्या क्षणांपर्यंत ट्रेव्हॉन फोनवर ज्या मैत्रिणीशी बोलत होता, ती रेचल जेंटेल. २०१३ च्या खटल्यात ही १९ वर्षांची मुलगी सरकार पक्षाची महत्त्वाची साक्षीदार होती. दोन दिवसांत मिळून जवळपास सहा तास तिची साक्ष चालली. तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने बोला, परत बोला, कळलं नाही. बाहेर समाजमाध्यमांवर तिच्या बोलण्याची यथेच्छ टिंगल चालू होती. ज्यूरीतल्या एका बाईंनी नंतर सांगितलं, की तिचं बोलणं समजायला अवघड गेलं आणि तिची साक्ष विश्वासार्ह वाटली नाही. झिमरमन निर्दोष सुटला. भाषाशास्त्रज्ञ जॉन रिकफर्ड आणि शरीस किंग यांनी तिच्या साक्षीचा अभ्यास करून २०१६ मध्ये लिहिलं, की ती आपल्या बोलीच्या नियमांनुसार नीट बोलत होती. तिला ऐकणाऱ्यांना ते नियम ठाऊक नव्हते. निकाल केवळ त्यामुळे लागला असं मी म्हणणार नाही. पण खुनाच्या खटल्यात मुख्य साक्षीदाराचं बोलणं पंचांच्या डोक्यावरून जावं, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि ती एकटी नव्हती. फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत साक्षी टिपून घेणाऱ्या २७ लघुलेखकांना या बोलीतली वाक्यं ऐकवून लिहायला सांगितली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे ४० टक्के वाक्यांत चूक होती. अपिलात न्यायाधीशांसमोर जातो तो हाच कागद.

ही झाली मोजलेली किंमत. आता कमाई बघू. एकोणिसाव्या शतकात बुचाचा कोळसा तोंडाला फासून गोरे नट कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि थिएटरं भरत. १९२८ पासून 'एमॉस अँड अँडी' या रेडिओ मालिकेत दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढले आणि ती अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एक ठरली. आपल्या काळात आली इगी अझालिया. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावची गोरी मुलगी, सोळाव्या वर्षी अमेरिकेत आली, आणि २०१४ मध्ये तिचं 'फॅन्सी' बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मीव्ह एबरहार्ट आणि कारा फ्रीमन या अभ्यासकांनी तिची गाणी आणि मुलाखती शेजारी ठेवून पाहिल्या. गाण्यांत ती 'इज' आणि 'आर' इतक्या वेळा गाळते, की खुद्द कृष्णवर्णीय रॅपर्सनाही मागे टाकते. मुलाखतीत मात्र तो प्रकार जवळपास औषधालाही सापडत नाही. गाणं संपलं की बोली संपली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कलावंत तर नेहमीच दुसऱ्याच्या आवाजात बोलत आलेत. बीटल्सची सुरुवातीची गाणी ऐका. लिव्हरपूलची पोरं अमेरिकन उच्चारांत गातात, यावर भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये अख्खा निबंध लिहिला. मग त्यांनाही फासावर द्यायचं का? आणि क्वीन्ससारख्या भागात, जिथे एकाच रस्त्यावर दहा देशांची घरं, तिथे मुलाने कुठल्या बोलीत बोलायचं हे जन्मदाखला बघून ठरवायचं का? असं ठरवू लागलो, तर उद्या प्रत्येक जातीला आणि जिल्ह्याला आपापल्या शब्दांवर पहारेकरी बसवावे लागतील. मला तो समाज नको. रॅपर एमिनेम गोरा, पण तो डेट्रॉइटच्या ज्या गरीब वस्तीत वाढला तिथली बोली त्याच्या तोंडी कायम राहिली, आणि कृष्णवर्णीय रॅपर्सनी त्याला बऱ्यापैकी आपलं मानलं.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. बोली कुणी उचलली, यापेक्षा ती कुणाला उतरवून ठेवता येते, हे बघावं. अझालियाला येते. ऑक्वाफिनाला बऱ्याच अंशी येते. रेचल जेंटेलला साक्षीच्या पिंजऱ्यात येत नव्हती. जॉन बॉ यांच्यासारख्याला ती उतरवता येते, पण ते घर मिळावं म्हणून, टाळ्यांसाठी नव्हे. बूट्स रायली यांचा 'सॉरी टु बॉदर यू' हा २०१८ चा सिनेमा नेमका इथेच बोट ठेवतो. फोनवरून माल विकणारा कृष्णवर्णीय तरुण 'गोरा आवाज' काढायला शिकतो आणि भराभर वर चढतो. गोऱ्याने काळा आवाज काढला की ती कला होते; काळ्याने गोरा आवाज काढला की ती पोटापाण्याची सोय होते. अन्याय या व्यवहारात आहे. एका नटीला ट्विटरवरून हाकलल्याने फिलाडेल्फियातल्या लघुलेखकांचं एक वाक्यही सुधारत नाही.

आता आपल्या घरात. हा आपला विषय नाही असं म्हणायची सोय आपल्याला नाही. ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची संघटना १९६६ साली ओकलंडमध्ये जन्मली, म्हणजे ज्या शहराने पुढे तो बोलीचा ठराव केला त्याच शहरात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिचंच नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना आपल्याला न कळलेले शब्द नोंदवावे लागले. एका मोठ्या लेखकाने आपलं अज्ञान कागदावर मांडलं. फ्लोरिडाच्या पंचांना हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

अमेरिकेतल्या भारतीय मुलांना, त्यात मराठी घरांतलीही आली, या प्रश्नाची दुसरी बाजू अंगावर झेलावी लागली. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. त्याचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला, २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला आणि पुढच्या वर्षी जाहीर माफी मागितली. तेव्हा आपण सगळे खूश झालो. पण हिंदी सिनेमातल्या मोलकरणीला आणि हवालदाराला मराठी हेल दिला की आपल्याला राग येतो, आणि मराठी नाटकात गड्याच्या तोंडी खेडवळ बोली टाकली की आपण हसतो, याचा हिशेब आपण कधी केला?

२०१६ मध्ये 'सैराट' आला. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या रिंकू राजगुरूने आर्ची रंगवली ती आपल्या भागाच्या बोलण्याला कुठेही पॉलिश न करता. पुण्या-मुंबईच्या पोरांनी तिचे संवाद पाठ केले, मोबाइलवर वाजवले, स्नेहसंमेलनांत म्हटले. चांगलं झालं. पण त्याच सोलापूर जिल्ह्यातली मुलगी शहरातल्या महाविद्यालयात उभी राहून त्याच हेलात प्रश्न विचारते, तेव्हा मागच्या बाकांवरून खसखस ऐकू येते. पडद्यावरच्या आर्चीला शिट्ट्या, वर्गातल्या आर्चीला 'गावठी'.

म्हणून माझी विनंती नटनट्यांना नाही, तुम्हाला आहे. या सभागृहात शिक्षक आहेत, वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक आहेत, नोकरीच्या मुलाखती घेणारे आहेत, वकील आहेत. वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेत 'शुद्ध उच्चार' असा एक रकाना असतो. येत्या स्पर्धेत तो काढून टाका आणि ते गुण मुद्द्यांना द्या. मुलाखतीला आलेल्या पोराचं बोलणं कळलं नाही, तर त्याला नापास करण्याआधी पुन्हा विचारा, आणि न कळण्याचा दोष निदान अर्धा आपल्याकडे घ्या. कुठल्या ताऱ्याने कुणाची बोली उचलली यावर भांडायला आपल्याला हक्क आहे. पण तो हक्क आधी आपल्या वर्गात आणि कचेरीत कमवावा लागेल.