व्यवसायनिवडीची रंगीत तालीम



दहावीचा निकाल हाती आला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, 'पुढे काय?' आणि त्याचे उत्तर बहुधा गुणपत्रिकाच देऊन टाकते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, बेताचे असतील तर कला किंवा आय.टी.आय. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढील चाळीस वर्षांचा निर्णय असा दोन-तीन आठवड्यांत, टक्केवारीच्या उतरंडीवरून होतो. साधे मडके घेतानाही वाजवून पाहणारा आपला समाज मुलांचा व्यवसाय मात्र न पारखता ठरवतो. या चुकीची किंमत वाया गेलेली वर्षे, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि मुलाचा गमावलेला आत्मविश्वास, या रूपांत मोजावी लागते.

व्यवसाय मार्गदर्शन या शास्त्राचा पाया अमेरिकेतील बॉस्टन शहरात घातला गेला. फ्रँक पार्सन्स यांनी तेथे १९०८ साली मार्गदर्शन केंद्र उघडले. त्यांनी सांगितलेले सूत्र साधे होते : स्वतःला ओळखा, कामाचे स्वरूप ओळखा आणि या दोहोंची सांगड विवेकाने घाला. शतक उलटले तरी हे सूत्र जुने झालेले नाही. अडचण आहे ती पहिल्या दोन पायऱ्यांवर.

भारत सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद आहे. आठवीच्या वर्गात मुलांना व्यवसायांची नावे लिहावयास सांगितली, तर किती जण विसाच्या पुढे जातील? ही स्थिती केवळ आपलीच नाही. २०१८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' सर्वेक्षणाच्या आधारे ४१ देशांतील १५ वर्षांच्या मुलांच्या आकांक्षांचा अभ्यास झाला. त्यात ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एखाद्याचेच स्वप्न पाहत असल्याचे आढळले. जे कधी दृष्टीसच पडले नाही, त्याची आवड निर्माण होणार तरी कशी?

महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेतली गेली. हेतू स्तुत्य होता आणि अशा चाचण्यांचे स्थानही नाकारता येत नाही. पण कोणतीही प्रश्नावली मुलाच्या आजवरच्या अनुभवालाच प्रश्न विचारते. ज्याने यंत्र कधी उघडून पाहिले नाही, त्याला यंत्रदुरुस्ती आवडते का असे विचारले, तर तो अंदाजानेच खूण करणार. म्हणून चाचणीच्या आधी अनुभव हवा. तो कमी खर्चात, चुकण्याची मुभा ठेवून देण्याचे साधन म्हणजे खेळ.

खेळातून जीवनदृष्टी देणे आपल्याला नवे नाही. आजच्या सापशिडीचे मूळ ज्या मोक्षपटात आहे, त्याचे श्रेय परंपरा संत ज्ञानेश्वरांना देते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. मात्र तेथे सोंगटी पडलेल्या दानाप्रमाणे चालते. व्यवसायनिवडीच्या खेळात दानापेक्षा खेळणाऱ्याच्या निर्णयाला महत्त्व हवे आणि त्या निर्णयाचे परिणाम त्याला लगेच दिसावयास हवेत. कॅनडात १९९० च्या दशकात बिल बॅरी यांनी 'द रिअल गेम' नावाचा उपक्रम रचला. त्यात वर्गातील प्रत्येकाला एखाद्या व्यवसायाची भूमिका मिळते. त्या व्यवसायाच्या वेतनात घर, प्रवास, कर आणि हौस यांचा मेळ विद्यार्थ्याने घालायचा. मोठ्यांचे जग आणि शाळेतले विषय यांचा संबंध मुलांना असा उमगतो.

असा खेळ आपल्या शाळेतही पुठ्ठा आणि खडू यांवर उभा राहू शकतो. एक उदाहरण घेऊ. पाच-पाच मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाकडे २,००० वस्तीचे एक गाव. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा. म्हणजे गावाला रोज १,१०,००० लिटर पाणी हवे. पंप तासाला १०,००० लिटर पाणी चढवतो आणि वीज मिळते आठ तास. रोजची तूट ३०,००० लिटरची! आता चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटाव्यात : अभियंता, नळ कारागीर, पाणी तपासणारा रसायनतज्ज्ञ, हिशेबनीस आणि ग्रामसेवक. गटाने अर्ध्या तासात योजना मांडायची. मध्येच शिक्षकाने एक चिठ्ठी उघडावी : 'मुख्य जलवाहिनी फुटली' किंवा 'वरच्या आळीने पाणीपट्टी भरण्यास नकार दिला'.

या तासाभरात पुष्कळ काही दिसून येते. एक मुलगा आकडेमोडीत रमतो. एखादी अबोल मुलगी वरच्या आळीची समजूत अशी काढते की सारा वर्ग थक्क होतो. परीक्षेत मागे पडणारा विद्यार्थी जलवाहिनीचा नकाशा सर्वांआधी रेखाटतो. गुणपत्रिकेत या गुणांना रकाना नसतो. भूमिका चिठ्ठीने वाटण्याचे कारणही हेच. निवड मुलांवर सोडली, तर मुलगे अभियंते होतील आणि मुलींच्या वाट्याला हिशेबाची वही येईल. घरातले पूर्वग्रह खेळातही शिरतात. त्यांना दारातच अडवावे लागते. पुढच्या फेरीत भूमिका आवर्जून बदलाव्यात.

खेळाइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची, त्यानंतरची चर्चा. वेळेचे भान कोणत्या कामात हरपले? कशाचा कंटाळा आला? कोणते ज्ञान कमी पडले आणि ते कोठे मिळते? याची उत्तरे मुलाने स्वतःच्या वहीत लिहावीत. आठवीपासून दहावीपर्यंत अशी वही भरत गेली, तर अर्ज भरण्याच्या दिवशी त्याच्याजवळ टक्केवारीखेरीज आणखी एक आधार असेल.

खेळाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एका खेळावरून 'हा अभियंता होणार' असा शिक्का मारणे म्हणजे जुनी चूक नव्या पद्धतीने करणे. खेळात कामाची गंमत दिसते. त्यातला रोजचा तोचतोपणा, घाम आणि जबाबदारी दिसत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष कामापर्यंत जावे लागते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या याच श्रद्धेतून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची शिफारस केली आहे. खेळ, मग प्रत्यक्ष भेट, मग चाचणी आणि शेवटी निवड, हा क्रम त्यातून सहज बसवता येईल.

पालकांकडून अपेक्षा फार मोठी नाही. मुलाने घरी येऊन 'आज मी नळ कारागीर होतो' असे सांगितले, तर कपाळाला आठी पडू नये. त्या एका आठीने मूल हे शिकते की काही कामे सांगण्याजोगी असतात आणि काही लपवण्याजोगी. ज्या गावाला पाणी हवे, त्याला अभियंता हवा तसाच जलवाहिनी जोडणाराही हवा. शाळांनी येत्या सत्रात एक शनिवार या प्रयोगास द्यावा. खर्च चिठ्ठ्यांच्या कागदाचा. आणि एका मुलाला जरी आपली वाट वेळेवर सापडली, तरी तो शनिवार सार्थकी लागला म्हणावयाचा.